ऊन परतवणारं पान

सूर्यफुलाचं कूळ म्हटलं की उन्हाला आसुसलेली झाडंच डोळ्यांपुढे येतात. पण याच कुळात एक झुडूप आहे, जे वर्षातला मोठा काळ ऊन नाकारत जगतं. ब्रिटलबुश, शास्त्रीय नावाने एन्सेलिया फॅरिनोसा. अमेरिका आणि मेक्सिकोत पसरलेलं सोनोरन वाळवंट हे त्याचं घर.

हिवाळी पाऊस बरा झाला, की मार्चमध्ये ॲरिझोनातले खडकाळ उतार त्याच्यामुळे पिवळे होतात. झुडूप फार तर कंबरेएवढं, गोलसर. फुलं पानांत दडत नाहीत. उघडे, लांब देठ झुडपाच्या बरेच वर निघतात आणि त्यांच्या टोकांवर ती वाऱ्याबरोबर हलत राहतात. शेवंतीसारखंच इथलं एक फूलही पुष्कळ फुलांचा मेळा असतं. मधल्या चकतीतली फुलं बी धरतात. कडेची एकेक पिवळी पाकळी म्हणजे एकेक वांझ फूल.

माझं मन मात्र पानातच अडकतं. भाकरी थापताना हाताला लागलेल्या पिठासारखा त्याच्यावर पांढुरका थर दिसतो. ती असते दाट लव: मेलेल्या, हवेने भरलेल्या केसांची. ऊन तिच्यावर आदळून माघारी जातं. हिवाळ्यात गारवा आणि ओल असते, तेव्हा येणारं पान मोठं, हिरवट, विरळ लवेचं असतं आणि पडलेल्या प्रकाशातला सुमारे 80 टक्के शोषतं. उन्हाळा तापला की पुढची पानं लहान आणि पांढरी होत जातात. शेवटची जेमतेम 30 टक्के घेतात. जेम्स एलरिंगर, ओले ब्योर्कमन आणि हॅरल्ड मूनी या संशोधकांनी 1976 साली या लवेचा हिशेब मांडला. पान काही अंशांनी थंड राहतं, पाणी वाचतं. पण जो प्रकाश परतवला, त्यातूनच अन्न व्हायचं होतं. म्हणजे हे झुडूप अर्धपोटी राहून जीव वाचवतं.

त्याच्या काही भावंडांना हे करावं लागत नाही. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर, समुद्राच्या गारव्यात वाढणाऱ्या एन्सेलियाची पानं हिरवीगार. वाळवंटातच कोरड्या ओढ्यांच्या पात्रात वाढणारी एन्सेलिया फ्रूटेसेन्ससुद्धा हिरवी. तिला खालची ओल मिळते, म्हणून ती पाणी बाहेर टाकून पान गार ठेवते. उतारावरच्या खडकांत ही चैन परवडणार कशी?

ब्रिटलबुशची फांदी कडकन मोडते आणि तिच्यातून राळ पाझरते. या वाळवंटातले मूळ रहिवासी ओओधाम लोक ती चघळत. स्पॅनिश मिशनऱ्यांच्या चर्चमध्ये ती धुपासारखी जाळली जाई. त्यावरून या झुडपाला 'इन्सिएन्सो' हेही नाव मिळालं.

पण मला सगळ्यांत थक्क करणारी गोष्ट पुढेच आहे. हंगामात पानांवरची लव एकदा वाढू लागली, की ती वाढतच जाते. मधेच सर आली म्हणून नवं पान लगेच पूर्वीसारखं हिरवं होत नाही. त्यासाठी कोरड इतकी लांबावी लागते, की सगळी पानं गळून जावीत आणि फांद्यांची टोकंही निजून जावीत. मग पाऊस आला, की त्या काटक्यांना फुटणारी पानं हिरवी असतात आणि लवेची मोजणी पहिल्यापासून सुरू होते.