मनीची वही

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. सालमियातल्या आमच्या इमारतीमागे, कचऱ्याच्या मोठ्या डब्याजवळ मांजराचे एक पिल्लू ओरडत होते. मूठभर जीव, डोळे नुकतेच किलकिले झालेले. शाळेच्या बसमधून उतरलेली आमची धाकटी तिथून हलेना. इमारतीच्या मिसरी हारिसने सांगितले, "हिची आई काल रात्री गाडीखाली गेली." बाहेर ४५ अंश तापमान होते.

"दोन दिवस ठेवू, मग बघू," असे म्हणून मी पिल्लू वर आणले. नाव अर्थातच मनी!

मांजर म्हटले की दूध, एवढेच आम्हाला ठाऊक. बशीत गाईचे दूध ठेवले, तर तिला पिता येईना. मग ड्रॉपरने पाजले. दुसऱ्या दिवशी जुलाब सुरू झाले. प्राण्यांच्या डॉक्टरांनी आमच्या दोन चुका दाखवल्या. गाईच्या दुधातली साखर पिल्लांना पचत नाही. त्यांच्यासाठी वेगळी दुधाची पावडर मिळते. दुसरी चूक एसीची. एवढ्या लहान पिल्लाला स्वतःचे अंग गरम ठेवता येत नाही, आणि अंग गार पडले की दूध पचत नाही. कुवेतच्या उन्हाळ्यात आम्ही गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून खोक्यात ठेवू लागलो!

दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा, दूध पाजायचे. पिल्लाला पोटावर ठेवूनच पाजायचे. उताणे पाजले तर दूध फुप्फुसात जाते. नंतर कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसून शी-शू करवायची, कारण हे काम मांजरी चाटून करते. रात्रीच्या पाळ्या मी आणि सौ.ने वाटून घेतल्या.

रोज साधारण दहा ग्रॅम वजन वाढले पाहिजे, असे डॉक्टर म्हणाले होते. धाकटीने स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करून मराठी वर्गाच्या वहीत लिहायला घेतले, आकड्यात आणि अक्षरातही. पहिल्या दिवशी १८६. तिसऱ्या दिवशी १७९.

"बाबा, एकोणऐंशी म्हणजे सत्तरच्या घरातले की ऐंशीच्या?"

"सत्तरच्या."

"म्हणजे कमी झालं?"

मी मान हलवली. त्या रात्री ती खोक्याजवळच झोपली. पुढचे दोन दिवस काटा तिथेच राहिला. तिसऱ्या दिवशी १८७ भरले! 'एकशे सत्त्याऐंशी' हा शब्द तिने न विचारता बिनचूक लिहिला.

महिन्याभरात मनी मऊ खाऊ खाऊ लागली. हारिस खाली भेटला की चौकशी करी. पैगंबरांच्या एका सोबत्याचे नावच अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिल्लाचा बाप, असे त्याने सांगितले. तेव्हापासून मलाही तो त्याच नावाने हाक मारतो.

जून उजाडला. शेजारचे एक कुटुंब कायमचे परत गेले आणि त्यांचे मांजर खालीच राहिले. घरात वाढलेले ते जनावर डब्यावरच्या मांजरांपुढे टिकेना. धाकटीने गॅलरीतून ते पाहिले आणि विचारले, "बाबा, आपण कायमचे भारतात गेलो की मनीचं काय?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. आपला सगळ्यांचा इथला मुक्काम नोकरी असेपर्यंत. पण दोन दिवसांच्या बोलीवर आणलेल्या मनीला आता आमच्याशिवाय कोणी नव्हते. मी चौकशी केली. रेबीजची लस, कातडीखाली ओळखीची चिप, डॉक्टरांचा दाखला, भारतातल्या प्राणी संगरोध विभागाची परवानगी आणि विमानाचे भाडे, हे सगळे लागते. खर्च बराच आहे. वहीच्या शेवटच्या पानावर धाकटीने ही यादी लिहिली आणि खाली माझी सही घेतली. लस आणि चिप झाली आहे. भाड्यासाठी दर महिन्याला थोडे दिनार बाजूला पडतात.

बालमित्रांनो, पिल्लू घरी आणावेसे वाटले तर जरूर आणा. पण आणण्याआधी आईबाबांना एक प्रश्न विचारा, "आपण परत जाऊ तेव्हा याचं काय?" उत्तर मिळाले की वहीत लिहून सही घ्यायला विसरू नका!