घाटाच्या पायथ्यापर्यंत

शहाद्याहून म्हसावदकडे जाणारा रस्ता सपाट. दोन्ही बाजूंना पपई, केळी, ऊस. इथं सायकल शर्यतीतल्या नव्या पोरांना जोर चढतो आणि मला राग, कारण तोरणमाळची चढण पोरं इथंच हरतात. ताशी चाळीसच्या वेगात पुढच्याच्या चाकामागे वाऱ्याआड दडून चाललं, की पाव ते एक तृतीयांश मेहनत वाचते. राणीपूरच्या पुढे चढ लागला, वेग पंधरावर आला, की तो आडोसा जवळपास संपतो. सात पायरी घाटात ज्याचा त्याचा दम.

रेसर होतो तेव्हा हे पायांना कळायचं. मॅनेजर झाल्यावर दुसऱ्याचा दम मागून ओळखावा लागतो. ‘बरा आहे सर’ असं पोरगा दर वेळी म्हणणारच. मी त्याचे खांदे बघतो. ते डुलायला लागले की त्याचं संपत आलेलं असतं. बाकी बाटल्या, जादा चाकं, अर्ज, रेल्वेची तिकिटं हे कुणीही सांभाळेल.

घाटात मॅनेजरचं फारसं चालत नाही, असं माझं मत. फ्रान्सचा सिरिल गिमार याला अपवाद. १९७२ मध्ये गुडघ्यानं दगा दिला आणि पॅरिस दोन दिवसांवर असताना त्याला टूर द फ्रान्स सोडावी लागली. १९७६ मध्ये तो मॅनेजर म्हणून संघाच्या गाडीत बसला. त्याच टूरमध्ये पिरेनीजच्या चढावर त्याचा रेसर लुसिएँ व्हॅन इम्प पुढे सुटायला कचरत होता. ‘निघ, नाहीतर गाडीनं रस्त्याबाहेर ढकलीन,’ असं गिमारनं दरडावल्याचं सांगतात. व्हॅन इम्प ती टूर जिंकला. आमच्याकडे असं बोललो तर पोराचा बाप दुसऱ्या दिवशी दारात!

खरं अवघड वाक्य वेगळंच आहे: ‘तू आज वाऱ्यात राहायचं.’ म्हणजे दुसऱ्यासाठी झिजायचं आणि घाट लागला की मागे पडायचं. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट आधी चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. त्याला खोपोलीपर्यंत वाऱ्याआड कुणी आणलं, हे कुठं लिहिलेलं नसतं. म्हणून बक्षिसाची रक्कम आम्ही सगळ्यांत सारखी वाटतो. पण खेळाडू म्हणून केलेल्या नोकरीच्या अर्जाला रक्कम नाही, शर्यतीतला क्रमांक जोडावा लागतो.

निवड समितीवर बसणाऱ्यांना एवढीच विनंती: निकालपत्रकातलं खालचं नाव खोडण्याआधी, तो पोरगा घाटाच्या पायथ्यापर्यंत कुणाच्या पुढे चालत होता, ते त्याच्या मॅनेजरला एकदा विचारा.