सतराचा आकडा आणि माझे ४१ हजार

मागच्या वर्षी आमच्या गावात एसटी स्टँडसमोर ट्रेडिंगचा क्लास निघाला. बातमी करायला गेलो आणि मागच्या बाकावर शिकायलाच बसलो. हे कुणाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

तिथे रेंज बार शिकवले. नेहमीच्या चार्टवर दर पाच मिनिटांनी कॅण्डल पडते, भाव हलो न हलो. आमच्या दैनिकासारखंच, बातमी असो नसो, पान भरायचं. रेंज बारला घड्याळच नाही. आपण रेंज ठरवायची, समजा २० पॉइंट. भावाने तेवढी मजल मारली की बार बंद, पुढचा सुरू. दुपारी बाजार सुस्त असला की अर्धा तास एकच बार. मोठी घोषणा झाली की मिनिटात दहा. १९९० च्या दशकात ब्राझीलच्या विसेंते निकोलेलिस या ट्रेडरने ही कल्पना आणली. कल्पना चांगली आहे, आजही म्हणतो.

मी सॉफ्टवेअरवर दोन वर्षांचा जुना चार्ट लावला. २० वर जमेना, १४ करून पाहिले, मग १७. सतरावर प्रत्येक वळण अचूक! हिला उठवून दाखवलं. तीन महिन्यांत ४१ हजार गेले.

कारण नंतर कळलं. रेंज बार नेमका काढायला प्रत्येक सौद्याचा भाव लागतो. माझं सॉफ्टवेअर जुने बार मिनिटाच्या डेटावरून अंदाजाने रचत होतं. त्या मिनिटात भाव आधी वर गेला की खाली, हे त्याला ठाऊकच नव्हतं. आणि १७ हा आकडा मीच मागचं बघून निवडलेला. उत्तरपत्रिका समोर ठेवून पेपर सोडवला आणि स्वतःला हुशार समजलो.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं होतं: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समधले १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात, एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. ती बातमी मीच लावली होती. सातव्या पानावर, खाली!

क्लास अजून चालू आहे. पोरं कापसाचे पैसे घेऊन येतात. त्यांना एवढंच सांगणं: फी भरण्याआधी सरांना चार्ट मागू नका, त्यांच्या स्वतःच्या खात्याचा वर्षभराचा नफा-तोट्याचा हिशेब मागा. मी मागितला होता. सरांनी चहा मागवला.