मशीनसाठी लिहिलेली वही



आज खतं नाहीत, करपा नाही. आज एका वहीबद्दल लिहितो.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. रावेर तालुक्यात ऊन नुसतं आग ओकत होतं अन् मी लग्नासाठी धुळ्याला बहिणीकडे. भाच्यानं दिवाळीत आमच्या घरी होम असिस्टंट बसवून दिलं होतं. 2013 पासूनची ही फुकट मिळणारी प्रणाली, मूळ काम घरातले दिवे-पंखे चालवायचं. आम्ही तिला गोठ्याचा पंखा, विहिरीतली मोटर अन् ड्रीपचे चार व्हॉल्व्ह जोडले. वर एआय एजंट. आपण साध्या भाषेत सांगायचं, बटण त्यानं दाबायचं.

मी मांडवातूनच लिहिलं, "केळीला अडीच तास पाणी दे." उत्तर आलं, "मोटर चालू केली." मी निवांत जेवायला बसलो.

दहा मिनिटांनी आमच्या सालदाराला, नानांना फोन लावला. उचलला त्यांच्या पोरानं. "बाबा विहिरीत उतरेल हाये, मोटरचा दोर अडकेल व्हता."

हातातला घास हातातच राहिला.

नाना वर आल्यावर बोलले, "फ्यूज माह्या खिशात हाये, भाऊ. त्या मशीनले काय मालूम, मी खाले हाये म्हनून?"

खरंच, त्याला काय मालूम? त्याच्या यादीत होतं: रिले 1, रिले 2, रिले 3. नोव्हेंबर 2024 मध्ये मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल नावाची पद्धत आली. कोणत्याही एजंटला अवजारांची यादी एकाच पद्धतीनं कळावी, यासाठी ती आहे. होम असिस्टंटनं 2025 च्या फेब्रुवारीच्या आवृत्तीत ती घेतली. त्यात प्रत्येक अवजाराचं नाव, ते काय करतं त्याचं वर्णन अन् त्याला कोणती माहिती द्यायची, एवढंच एजंट वाचतो. जे लिहिलं नाही, ते त्याच्यासाठी नाहीच. आपल्याकडे तर सगळी शेती सालदाराच्या डोक्यात.

मग तीन संध्याकाळी ओट्यावर बसलो. नाना सांगत गेले, मी लिहीत गेलो, भाच्यानं ते यंत्रात भरलं. त्यातलं मुख्य असं:

1. नाव. "रिले 3" नाही, "व्हॉल्व्ह 3, कांदेबाग केळी, नाल्याकडचा तुकडा". मृगबागेचा व्हॉल्व्ह वेगळा. नुसतं "केळी" म्हटलं तर आधी विचारायचं, कोणती?

2. क्रम. आधी व्हॉल्व्ह उघडायचा, मग मोटर. बंद करताना आधी मोटर, मग व्हॉल्व्ह. तुकडा बदलताना दुसरा उघडल्याशिवाय पहिला बंद करायचा नाही. सगळे बंद असताना मोटर चालली तर पाइप फुटतो.

3. माप. वेळ मिनिटांत. झाडाला दोन ड्रीपर, प्रत्येकी तासाला 4 लिटर. म्हणजे 150 मिनिटांत झाडाला 20 लिटर. आकडा नुसता "अडीच" लिहिला तर मशीन अडीच मिनिटंही समजेल.

4. उत्तराचा अर्थ. "चालू केली" म्हणजे फक्त आदेश गेला. मोटर खरंच चालली का, ते अँपिअर अन् फिल्टरजवळच्या दाबावरून ठरवायचं. त्या दिवशी फ्यूज काढलेला होता, तरी मला "चालू केली" आलंच होतं.

5. कधी नाही. थ्री फेज नसेल, विहिरीत पाणी जाळीखाली गेलं असेल, खताची टाकी जोडलेली असेल, तर हात लावायचा नाही.

सहावा मुद्दा मी लिहायला घेतला: "विहिरीत माणूस असेल तर मोटर चालू करू नये." नानांनी हात धरला. म्हणाले, "हे लिहू नको. लिहेल म्हनून कोनी फ्यूज काढाचं इसरीन."

अख्ख्या वहीतला सगळ्यात मोठा धडा हाच. लिहिलेली सूचना म्हणजे कुलूप नव्हे. मशीन वाचतं, बहुतेक वेळा ऐकतं, पण माणसाचा जीव "बहुतेक"वर ठेवायचा नसतो. म्हणून मोटर चालू करायचा अधिकार आम्ही एजंटकडून काढूनच घेतला. दाब, पाणी, वेळ तो बघतो, सांगतो. चालू करायचं बटण त्याच्या यादीतच नाही; ते विहिरीवरचा माणूस दाबतो. अन् उतरण्याआधी फ्यूज खिशात, पेटीला कुलूप, किल्ली उतरणाऱ्याकडेच.

मोबाईल स्टार्टर अन् साधा ऑटो वापरणाऱ्यांनाही हेच लागू आहे, भाऊ. लाइट आली की ऑटोही कोणाला विचारत नाही.

तुमच्या शेतातल्या अशा किती गोष्टी फक्त सालदाराला माहीत आहेत? एका संध्याकाळी त्यांच्याजवळ बसा, वही घेऊन. मशीन येवो न येवो, पुढच्या पिढीला ती वही लागेलच.