पडीक नावाची जमीन

उर्दू शाळांत ‘बंजर’ या शब्दाचा अर्थ आम्ही मुलांना सांगतो : जिथे काही उगवत नाही अशी जमीन. मराठीत तिलाच पडीक म्हणतात. इंग्रज अमदानीपासून सरकारी दप्तरांत माळरानांची गणना याच सदरात होत आली. ज्या जमिनीतून शेतसारा मिळत नाही ती निरुपयोगी, असा हा सरळ हिशेब. माळढोकाचे घर या हिशेबात बसले नाही.

उर्दूत या पक्ष्याला तुगदार म्हणतात. उंची मीटरभर, नराचे वजन दहा किलोच्याही पुढे. बाबराने आपल्या आत्मचरित्रात त्याची आठवण ठेवली, पण ती मांसाच्या चवीसाठी. डॉ. सलीम अली यांनी मात्र तो राष्ट्रीय पक्षी व्हावा म्हणून आग्रह धरला. १९६३मध्ये तो मान मोराला मिळाला.

नाचात माळढोक मोरापेक्षा कमी नाही. विणीच्या दिवसांत नर उघड्या, किंचित उंच जागी उभा राहतो. गळ्यातली पिशवी हवेने फुगवतो. ती पांढऱ्या पखालीसारखी पुढे लोंबू लागते. शेपटी पाठीवर उलटी घेतो आणि खोल, घुमणारा हुंकार देतो. तो अर्धा किलोमीटर ऐकू जातो. उत्तरेत त्याला ‘हुकना’ म्हणतात ते या हुंकारावरूनच. मादीला तो दुरून दिसला पाहिजे, म्हणून मोकळा माळ हवा. पुढे मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या जातीला एक नर, एक मादी गमावणेही परवडत नाही.

सोलापूर-नगर भागात १९७९मध्ये माळढोक अभयारण्य झाले. क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावे, शेते, रस्ते सगळेच आले. जमिनीच्या व्यवहारांवर बंधने आली आणि पक्षी शेतकऱ्याला वैरी वाटू लागला. पुढे ते क्षेत्र सुमारे बाराशे चौरस किलोमीटरवर आणले गेले. दरम्यान पाणी आले, ऊस आला, विजेच्या तारा आल्या. कोरडवाहू शेतकऱ्याने पाणी मागितले, त्यात त्याचा काय दोष? पण उरलेल्या माळावरही ‘ओसाड आहे’ म्हणून ग्लिरिसिडियासारखी झाडे लावली गेली, ते कोणाच्या पोटासाठी? आज नान्नजला एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते.

देशात आता हे पक्षी दीडशेच्या आसपास, बहुतेक जैसलमेरकडे. समोरचे नीट न दिसणारा हा जड पक्षी तारांवर आदळून मरतो. २०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या टापूतल्या तारा जमिनीखाली नेण्याचा आदेश दिला. २०२४मध्ये तो सौम्य केला. सौरऊर्जाही देशाला हवीच आहे. २०२४च्या ऑक्टोबरात राजस्थानच्या प्रजनन केंद्रात कृत्रिम रेतनाने पिल्लू जन्मले. आम्हाला आनंद झाला. पण ते मोठे झाल्यावर नाचणार कुठे?

कुरआनाने पशुपक्ष्यांनाही उम्मत म्हटले आहे. उम्मत म्हटली की तिला वस्ती आली, जागा आली. पावसाळ्यात वनमहोत्सव येतो, मुले रोपे घेऊन निघतात. ती रोपे रस्त्याकडेला, शाळेच्या आवारात जरूर लावावीत. माळ मात्र गवताचाच राहू द्यावा.