पैशाची कुजबुज

आमच्या घराण्यात दोन गोष्टी कुजबुजत बोलल्या जात: आजार आणि पैसा. आजाराचे आता तेवढे राहिले नाही. शेजारच्या काकू आपली साखर किती वाढली हे जिन्यात उभ्या राहून सांगतात. पैसा मात्र अजून माजघरातच आहे. कर्जाचा विषय निघाला, की मुलांना बाहेर पिटाळायचे. आणि तीच मुले मिळवती झाली, की ‘यांना व्यवहार कळत नाही’ म्हणून कपाळावर हात मारायचा, असा आमचा शिरस्ता!

माझा भाचा इंजिनिअर आहे. पहिल्या नोकरीबरोबर क्रेडिट कार्ड हाती आले आणि बघता बघता २०,००० रुपये थकले. व्याज महिन्याला ३ टक्के. बिलावर ‘किमान रक्कम’ म्हणून १,००० चा आकडा येई. तो भरला की सुटलो, असे त्याला वाटे. मी वही पुढे ओढली. हजारातले ६०० व्याजात गेले, १०८ त्या व्याजावरच्या करात. मुद्दलातून फिटले अवघे २९२.

“मामा, म्हणजे मी फेडतोय तरी काय?”

गणितात हा मुलगा नेहमी पहिला! पण चक्रवाढ व्याज त्याच्या खिशाला लावून कोणी दाखवले नव्हते. ७२ ला व्याजाच्या दराने भागले, की रक्कम दुप्पट व्हायला किती काळ लागेल याचा अंदाज येतो. ६ टक्क्यांच्या ठेवीला १२ वर्षे लागतात; न फेडलेल्या त्याच्या कार्डाला २४ महिने पुरले असते.

माझी आत्या चौथीपर्यंत शिकलेली. बारा बायकांची भिशी ती चालवी. “पहिली चिठ्ठी निघाली ती कर्जदार, शेवटची निघाली ती सावकार,” असे ती पोळ्या लाटता लाटता सांगे. बँकेचे सारे शास्त्र त्यात आले, असे मला आजही वाटते.

भाचीला नुकतेच अकरावे लागले. दहा वर्षांवरच्या मुलांना बचत खाते स्वतः चालवू द्यायला रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या नियमांत बँकांना मुभा दिली आहे. तिचे खाते काढावे, असे मी सुचवले. मेहुणे म्हणाले, “एवढ्यात कशाला? पैशाची हाव लागेल.” मला हे पटत नाही. हाव लागायला खाते लागत नाही. नुसता मोबाईल पुरतो.

त्या रात्री जेवताना भाचीनेच विचारले, “बाबा, आपल्या घराचं कर्ज किती राहिलंय?”

बहिणीने डोळे वटारले. मेहुणे थोडा वेळ आमटी ढवळत राहिले. मग उठले, हात धुतले आणि कपाटातली फाईल घेऊन आले. त्यांनी सांगितलेला आकडा बहिणीनेही त्या रात्री प्रथमच ऐकला.

“एवढं?” ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून फाईलजवळ बसली.