दहा मीटरच्या पुढचा वारा

५० मीटर हा लांब पल्ला, असं फौजेतल्या माणसाला सांगितलं तर तो हसेल. त्यांचं बोलणं ३०० मीटरपासून सुरू होतं. पण १० मीटरच्या एअर रायफलवर शिकलेल्या माणसाला ५० मीटर लांबच पडतं, आणि त्याचं कारण नुसतं अंतर नाही. १० मीटरची नेमबाजी बंद हॉलमध्ये चालते. छर्रा सुटला की कागदावर. मधे काही घडत नाही. ५० मीटरला मात्र आपल्या आणि टार्गेटच्या मधे उघडी हवा असते. पॉइंट टू टूची गोळी ती हवा सेकंदाच्या साधारण सहाव्या हिश्श्यात ओलांडते, आणि तेवढ्यात वारा त्याचं काम उरकून घेतो. दहाच्या रिंगचा व्यास १०.४ मिलिमीटर, म्हणजे करंगळीच्या नखाएवढा. तिथून पुढची प्रत्येक रिंग ८ मिलिमीटरवर. गालाला जेमतेम जाणवणारी आडवी झुळूकही दहाचे नऊ करायला पुरते.

मी जालन्यात कॉलेजात शिकवते. विद्यार्थिनी असताना एनसीसीत होते, तिथे वाट्याला आलेल्या मोजक्या गोळ्या झाडल्या होत्या, आणि मग संसार, नोकरी, पेपर तपासणं. १ ऑगस्ट २०२४ ला स्वप्नील कुसाळेनं पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्सचं ब्राँझ घेतलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा मुलगा, तेव्हा मध्य रेल्वेत टीसी. पात्रता फेरीत ५९० गुण घेऊन सातवा, अंतिम फेरीत ४५१.४. गुडघ्यावरच्या शॉट्समध्ये मागे पडला होता, उभ्यानं मारताना वर आला. त्या दुपारी स्टाफरूममध्ये सगळे मोबाइलभोवती जमले होते आणि मी एकटीच त्याच्या चेहऱ्याऐवजी त्याच्या बोटाकडे बघत होते. पुढच्या आठवड्यात आमच्या छोट्या एअर रायफल रेंजवर नावनोंदणीला मुलांची रांग लागली. रांगेत एक आजी होण्याच्या वयाची बाईही होती, हे सांगायला नको.

आता पहिल्यांदाच ५० मीटरच्या स्पर्धेत नाव दिलंय. प्रोन, म्हणजे पालथं पडून मारायचं. तेजस्विनी सावंतनं २०१० साली म्युनिकला याच प्रकारात जागतिक अजिंक्यपद मिळवलं. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये जॉयदीप कर्माकर याच प्रकारात चौथा आला आणि त्याचं ब्राँझ थोडक्यात हुकलं. २०१६ च्या रिओनंतर ऑलिंपिकमधून स्वतंत्र प्रोन काढून टाकलं. माझ्या निवडीमागे इतिहास वगैरे काही नाही. माझे गुडघे गुडघ्यावर बसू देत नाहीत.

जालन्याला बंदुकीचा आवाज नवा नाही. राज्य राखीव पोलीस दलाचा गट क्रमांक ३ इथलाच. पण माझा ५० मीटरचा सराव मुंबईला वरळीच्या रेंजवर होतो, तोही जाणं जमेल तेव्हा. गोळ्या तिथल्या. बाकी सगळी तयारी घरी, गोळीशिवाय. तिला ड्राय म्हणतात. हॉलमधला सोफा सरकवायचा, रबराची चटई अंथरायची, जाड जॅकेट चढवायचं, पट्टा दंडाला आवळायचा आणि समोरच्या भिंतीवर चिकटवलेल्या काळ्या ठिपक्याकडे बघत राहायचं. जालन्याच्या एप्रिलमध्ये हे कसं वाटतं ते ज्यानं त्यानं समजून घ्यावं. पंखा चालतो, पण जॅकेटच्या आत त्याची बातमी पोचत नाही.

या पडून राहण्यात खरं काम काय असतं ते बाहेरून दिसत नाही. पुढच्या साइटची गोल कडी काळ्या ठिपक्याभोवती बसवली की ती कडी नाडीबरोबर टुणटुण उडते. पट्टा दंडावर चुकीच्या जागी बसला की जास्तच. तो बोटभर वर सरकवला की उडणं कमी होतं. किती वर, ते प्रत्येकाचं वेगळं. मग डोळे मिटायचे, दोन श्वास घ्यायचे, उघडायचे. कडी ठिपक्यावरच असेल तर शरीर बरोबर पडलंय. उजवीकडे गेली असेल तर हातानं ओढून आणायची नाही. डावा कोपर जागचा हलू द्यायचा नाही आणि कंबर उजवीकडे सरकवायची, की रायफल आपोआप डावीकडे येते. हातानं ओढून आणलेला नेम घोडा दाबताच परत आपल्या जागी जातो, आणि गोळी त्याच्यामागून. माझा सरावाचा निम्मा वेळ या कंबर सरकवण्यातच जातो. घरातल्या आत्याबाई दारातून बघतात आणि म्हणतात, "काय गं, सकाळपास्नं पालथीच पडून ऱ्हायलीस. पाठ धरली का?"

शरीराचं असं घरी जमतं. वाऱ्याचं काय करायचं? रेंजवर ५० मीटरच्या अंतरात वारा दाखवायला कापडाच्या अरुंद पट्ट्या लावतात, ५ सेंटिमीटर रुंद, ४० सेंटिमीटर लांब. एक रांग १० मीटरवर, दुसरी ३० मीटरवर. घनसावंगी तालुक्यात आमचं शेत आहे. मोसंबीच्या बागेत वारा नीट कळत नाही, झाडं तो अडवतात. म्हणून तूर काढलेल्या मोकळ्या रानात मी दोन काठ्या रोवल्या, जुन्या सुती साडीच्या त्याच मापाच्या पट्ट्या बांधल्या, आणि चटई टाकून पडले. रायफल नाही, काही नाही. नुसतं बघायचं. आत्याबाई बांधावरून ओरडल्या, "तेवढ्यानं काय व्हतंय? डुकरं अख्ख्या साड्यांना भेईनात!"

त्या दोन पट्ट्या क्वचितच एकमेकींचं ऐकतात. जवळची डावीकडे उडते तेव्हा लांबची कधीकधी ढिम्म लटकलेली. यात पहिलीचं जास्त ऐकायचं, कारण सुरुवातीलाच वळलेली गोळी उरलेलं सगळं अंतर वाकडीच जात राहते. टार्गेटजवळच्या वाऱ्याला तेवढा वाव मिळत नाही. हे वहीत काढून बघितलं तर शाळकरी भूमिती आहे. पण पडून बघताना डोळा हट्टानं टार्गेटकडच्याच पट्टीवर जातो.

नजर कुठे ठेवायची यावरून आठवलं, आमच्याच जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात असई आहे. तिथे २३ सप्टेंबर १८०३ ला इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीनं दौलतराव शिंदे आणि रघूजी भोसले यांच्या फौजेशी लढाई केली. मुलांची सहल घेऊन मी तिथे गेले होते, आणि दर वेळी सांगतात तसं तोफांचं, शौर्याचं सांगून झालं. वेलस्लीचे ४२८ लोक त्या दिवशी ठार झाले, आणि ज्या फौजेनं ते मारले तिच्या तोफा मैदानातच पडल्या. पण मला आठवतं ते लढाईच्या आधीचं. केळणा नदीला इथे उतार नाही, असं वाटाड्यांनी सांगितलं होतं. वेलस्लीला दोन्ही काठांवर समोरासमोर दोन गावं दिसली. गावं अशी समोरासमोर असतील तर माणसं ये-जा करत असणार, म्हणजे उतार असणार, असं त्यानं ताडलं आणि फौज तिकडे वळवली. उतार होता. तिथल्या शिपायांच्या हातातल्या बंदुकांच्या नळ्या आतून गुळगुळीत होत्या. आजच्या रायफलीसारख्या गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा त्यांना नव्हत्या. म्हणून एकेकानं नेम धरण्यापेक्षा रांगेनं एकदम बार काढणं आणि झटपट पुन्हा भरणं हीच शिपायाची तालीम असायची. त्या सगळ्या दिवसात नेमबाजाचं काम जर कुणी केलं असेल तर ते नदीकाठी दुर्बीण लावून, एकही गोळी न झाडता. तो आपला शत्रू होता, ही गोष्ट वेगळी.

प्रोनमध्ये ६० शॉट्सना ५० मिनिटं मिळतात, म्हणजे एका शॉटला मिनिटही नाही. त्याआधी तयारीला आणि साइटर्सना १५ मिनिटं. साइटर्स म्हणजे गुणांत न धरले जाणारे शॉट्स. नवखी माणसं ती १५ मिनिटं दहा मारून स्वतःला धीर देण्यात घालवतात. आमचे नेमबाजीचे सर याच्या विरुद्ध आहेत. "मॅडम, वारा पडायची वाट बघत बसलात तर घड्याळ संपेल. पडलेला वारा हा पाहुणा आहे, घरचा नाही." त्यांचं म्हणणं असं, की त्या १५ मिनिटांत रेंजवर सारखा सारखा कोणता वारा येतोय ते हेरायचं, त्याच वाऱ्यात साइटचे क्लिक बसवायचे, आणि मग तो परत आला की मारायचं. वेगळा आला तर बोट घोड्यावरून काढायचं, गाल बटवरून उचलायचा, डोळ्याला विसावा द्यायचा. शांततासुद्धा वेगळी आली असं धरायचं! कारण क्लिक वाऱ्यासाठी बसवलेत. वारा पडला की बिनवाऱ्याची गोळी उलट्या बाजूला जाणार.

हे ऐकायला सोपं आहे. रानात पट्ट्या बघत पडले असताना दोन्ही सरळ लटकल्या की आतून आपोआप 'आता, आता' असं होतं. हातात काहीच नसताना उजवं बोट वाकतं. माझी सगळी तयारी आता या एका बोटाची आहे. पट्ट्या लटकल्या की बोट सरळ, डावीकडून ठरावीक कलल्या की वाकलेलं. मोसंबीला पाणी द्यायला आलेला गडी हे बघून काही न बोलता निघून गेला. गावात काय बोलला असेल ते मला कळेलच.

वरळीला स्पर्धेत डिटेल, म्हणजे मारायची पाळी, कोणती मिळेल ते माझ्या हातात नाही. सगळ्यांना सकाळची हवी असते, कारण तेव्हा हवा शांत असते म्हणतात. ती शांत नसते, वळत असते. रात्रीचा जमिनीवरून येणारा वारा पुरता थांबलेला नसतो आणि समुद्राचा अजून यायचा असतो. दुपारी एकदा तो पश्चिमेचा वारा धरला की तासन्‌तास तसाच राहतो, जोराचा असला तरी एकसारखा. मी सरांना सांगून ठेवलंय, विचारलं तर माझ्यासाठी दुपारचीच मागा.